जुन्या गाडीचा गंज काढून घरीच रंगाची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी स्वतः रंगवायला घेतलेल्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी चर्चा पोलादी पत्र्याच्या चारचाकीला धरून आहे. ॲल्युमिनियमसाठी प्रश्न १८ वेगळा दिला आहे. प्रत्यक्ष रंग मारणं हे शेवटच्या दिवसाचं काम. खरे दिवस त्याच्या आधी जातात, आणि रंग टिकतो की नाही हे तिथेच ठरतं.

१. दाराच्या खालच्या कडेला रंग थोडासा फुगलाय. तेवढाच घासून टच-अप मारला तर चालेल ना?

नाही चालणार. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणूनच तो रंगाला खालून उचलतो. फुगा डोळ्यांना दिसेपर्यंत गंज चहूबाजूंनी रंगाखाली सरकलेला असतो. नखाएवढा फुगा खरवडायला घ्यावा आणि तळहाताएवढी जागा उघडी पडावी, हे नेहमीचंच आहे.

फुगा कसा आहे ते नीट बघा. खडा लागून टवका उडालाय आणि त्याच्याभोवती गंज धरलाय, तर तो बाहेरून सुरू झालाय. हे काम सोपं. पण रंग अखंड असूनही खालून फुगलाय, तोही दाराच्या किंवा मडगार्डच्या कडेला, तर बहुतेक वेळा पत्रा आतून खाल्ला गेलेला असतो. तिथे बाहेरून कितीही सुबक काम केलंत तरी फुगा त्याच जागी परत येतो. आधी मागची बाजू गाठा (प्रश्न ३).

२. गंज वरवरचा आहे की पत्रा गेलाय, हे कसं ओळखायचं?

पोपडे खरवडून टाका आणि जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक घसरलं आणि खाली पत्रा टणक लागला, तर गंज वरवरचा. पत्र्याला बारीक खड्डे पडलेत पण तो दबत नाही, तर मधली अवस्था. टोक आत रुतलं किंवा कुरकुर आवाज करत पत्रा वाकला, तर तो सडलाय. बाहेरचा पत्रा अनेक गाड्यांमध्ये जेमतेम ०.७ ते १ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे खोल खड्डे पडले की मागे फारसं काही उरत नाही. दाबताना भोक पडेल या भीतीने हात आखडू नका. जे भोक आज पडलं नाही, ते नव्या रंगातून पडेल.

सोबत एक चुंबक ठेवा. पातळ कापडात गुंडाळून तो गाडीभर फिरवा. जिथे पकड अचानक ढिली होते तिथे आधीच्या कोणीतरी पुट्टीचा जाड थर भरलाय. तो काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही.

३. गंज नेमका कुठे शोधायचा?

जिथे पाणी येतं आणि ओली माती साचून राहते तिथे. मडगार्डची आत वळलेली कड, दाराखालचा पोकळ उंबरा म्हणजे सिल, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, काचेच्या रबराखालचा पत्रा, आणि गालिच्याखालचा फ्लोअर. गालिचा वरून कोरडा लागला तरी खालचा फोम महिनोन् महिने ओला राहू शकतो, म्हणून तो उचलूनच बघा.

दाराचा खालचा भाग मात्र जरा तपशिलात सांगायला हवा. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतं आणि तळाच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडतं. मी एका जुन्या दाराचं आतलं पॅनेल काढलं, तेव्हा तळाशी बोटभर जाडीचा काळा, घट्ट बसलेला थर होता : धूळ, वाळलेली पानं आणि रबराचा भुगा. तिन्ही भोकं बुजलेली. खिळ्याने एक भोक टोचलं तर त्यातून तांबूस पाणी ठिबकायला लागलं, आणि गाडी कित्येक दिवस पावसात उभीच नव्हती. बाहेरून त्या दारावर फक्त दोन फुगे दिसत होते. दाराच्या बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडलेली असते आणि त्या दुमडीत पाणी केशाकर्षणाने चढतं, म्हणून गंज नेमका तिथून सुरू होतो. आजच गाडीच्या सगळ्या दारांची भोकं काडीने मोकळी करा. रंगकाम पुढच्या वर्षी करणार असाल तरीही.

४. ग्राइंडर, तारेचा ब्रश की हाताने पॉलिश पेपर?

मोकळ्या, सपाट भागावर ग्राइंडरला फोमसारखी दिसणारी काळी-निळी स्ट्रिपिंग डिस्क लावा. ती रंग आणि गंज काढते आणि पत्रा फारसा खात नाही. ८० नंबरची फ्लॅप डिस्क (नंबर जितका लहान तितकी खरखरीत) जोरदार काम करते, पण पत्राही पातळ करते. एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. पत्रा तापला की ताणला जातो आणि मग तो ढोलासारखा आत-बाहेर होत राहतो. तारेचा कप ब्रश सांध्यांत आणि वेल्डच्या आसपास ठीक आहे. खड्ड्यांतला गंज मात्र तो अनेकदा घासून चकचकीत करतो आणि तसाच ठेवतो. त्या चकाकीला भुलू नका.

कप ब्रशच्या तारा सुटून बंदुकीच्या छर्‍यासारख्या उडतात. गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही हवं. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करू नका.

५. पत्रा चमकायला लागला, पण खड्ड्यांतले काळे ठिपके निघत नाहीत. तसंच प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारू?

ते ठिपके म्हणजेच उरलेला गंज. लहान भाग असेल तर टोकदार वस्तूने खड्डा कोरा आणि पुन्हा घासा. पत्रा पातळ असेल आणि आणखी घासणं धोक्याचं वाटत असेल, तर फॉस्फोरिक आम्ल असलेला गंजनाशक ब्रशने लावा, सुकू न देता थोडा वेळ ओला ठेवा, घासा, पाण्याने धुवा आणि हीट गनने किंवा कंप्रेसरच्या हवेने लगेच कोरडा करा. दोन-तीन वेळा केल्यावर खड्ड्यांचा तळ काळ्याऐवजी राखाडी दिसायला लागतो. आम्ल पूर्ण धुतलं गेलं पाहिजे. का, ते पुढच्या उत्तरात.

६. रस्ट कन्व्हर्टर लावला की गंज कायमचा मरतो ना?

बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. माझा त्यावर भरवसा नाही, आणि कारण सांगतो. कन्व्हर्टरमध्ये साधारण टॅनिक आम्ल, फॉस्फोरिक आम्ल किंवा दोन्ही असतात. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून निळसर काळा थर बनवतं, फॉस्फोरिक आम्ल लोहाचं फॉस्फेट बनवतं. पण ही क्रिया आम्ल जिथवर पोचतं तिथवरच होते. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर तो काम करतो. खपल्यांवर लावला तर वरची खपली काळी होते आणि खालचा लाल गंज तसाच राहतो.

सुरुवातीच्या दिवसांत मी एका मडगार्डच्या आतल्या बाजूला आम्लाचा गंजनाशक लावला, तो न धुता वरून इपॉक्सी प्रायमर (दोन भाग मिसळून लावायचा, प्रश्न १०) मारला. सुकल्यावर छान दिसत होता. काही आठवड्यांनी नख लावलं तर प्रायमर पापुद्र्यासारखा अख्खा सुटून हातात आला. आम्लाचा अंश उरला की इपॉक्सी नीट धरत नाही. म्हणून नियम असा ठेवा : धुवायचा प्रकार असेल तर पुरता धुवा. न धुता त्यावरच रंगवायचा प्रकार असेल तर त्यावर कोणता प्रायमर चालतो हे डब्यावर वाचा. चॅसीच्या खाचा, ब्रॅकेट, हात न पोचणाऱ्या जागा यांसाठी कन्व्हर्टर उपयोगी आहे. बाहेरच्या दर्शनी पत्र्यावर त्याच्या जिवावर काम करू नका.

७. घासून उघडा केलेला पत्रा किती दिवस ठेवता येतो?

दिवस सोडा, तास मोजा. दमट हवेत काही तासांतच पिवळसर झाक येते, आणि घामेजल्या बोटांचे ठसे तर दुसऱ्या दिवशी तपकिरी उमटलेले दिसतात. संध्याकाळपर्यंत जेवढ्याला प्रायमर लावता येईल तेवढंच सकाळी उघडा. एक दार पूर्ण करा, मग दुसरं. अख्खी गाडी एकदम सोलून ठेवणाऱ्यांवर तेच काम दोनदा करायची वेळ येते. हातमोजे घालून काम करा.

८. आरपार भोक आहे. फायबरग्लास आणि पुट्टीने बुजवलं तर?

भोक कुठे आहे त्यावर उत्तर आहे, आणि इथे मी तडजोड करणार नाही. सिल, चॅसीचे दांडे, सस्पेन्शन बसतं त्या जागा, सीट आणि सीट बेल्ट जिथे बोल्टने आवळले जातात तो पत्रा, जॅकच्या जागा, छत तोलणारे खांब : इथे सडलेला पत्रा कापून नवा वेल्डच केला पाहिजे. अपघातात गाडीचा सांगाडा ह्याच भागांनी तोलला जातो. फायबरने बुजवलेली सिल बाहेरून नव्यासारखी दिसते, आणि पुढच्या माणसाला आत काही नाही हे कळतही नाही.

मडगार्डच्या पातळ कडेवर किंवा तसल्या भार न घेणाऱ्या भागावर फायबर तात्पुरता चालतो. गंजका भाग आधी कापून स्वच्छ कड मिळवा, मागून इपॉक्सी मारा. तरीही फायबर आणि पत्रा यांच्या सांध्यात कधीतरी ओल शिरतेच. दोन वर्षांचा उपाय म्हणून करा, कायमचा म्हणून नको. नुसती पुट्टी भोकावर कधीच नको, ती ओल शोषते (प्रश्न ११).

९. वेल्डिंगवाल्याकडे नेण्याआधी काय तयारी?

बॅटरीची वायर सोडवा. गालिचे, सीट, जवळचं वायरिंग आणि आतलं पॅनेल काढा. सांध्यापासून काही सेंटिमीटरपर्यंत रंग आणि अंडरकोट (गाडीच्या तळाला दिलेला संरक्षक थर) खरवडून ठेवा. पेट्रोलची टाकी किंवा नळी जवळ असेल तर ती उतरवावी लागते. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते. वेल्डिंगच्या जागी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारू नका : तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. काम संपल्यावर तासभर गाडीपाशी थांबा, कारण पोकळ भागात ठिणगी धुमसत राहते.

१०. एच (etch) प्रायमर, इपॉक्सी, सरफेसर, रेड ऑक्साइड : काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने?

एच प्रायमरमधलं आम्ल उघड्या धातूत रुततं, थर अगदी पातळ असतो. इपॉक्सी दोन भागांचा असतो, उघड्या पत्र्याला घट्ट धरतो आणि पाण्याला अडवतो. सरफेसर जाड बसतो, ओरखडे भरतो आणि सहज घासला जातो, पण तो ओल शोषतो, म्हणून सरफेसरवरची गाडी पावसात उभी करू नका. साधा रेड ऑक्साइड ब्रॅकेट आणि चॅसीच्या भागांना चालतो. तो गंज मारतो ही समजूत चुकीची आहे, आणि वरून तीव्र थिनरचा रंग आला तर तो सुरकुततो.

घरच्या कामासाठी माझा क्रम : उघडा पत्रा, इपॉक्सी, गरज असेल तिथे पुट्टी, पुन्हा इपॉक्सी किंवा सरफेसर, घासणं, रंग. एच प्रायमर मी वगळतो, कारण त्यावर पॉलिएस्टर पुट्टी चालत नाही आणि बरेच इपॉक्सीही चालत नाहीत. एक मजबूत थर नीट देणं बरं.

११. पुट्टी उघड्या पत्र्यावर लावायची की प्रायमरवर?

दोन्ही पद्धती चालतात. ८० नंबरने खरडलेल्या उघड्या पत्र्यावर पुट्टी चांगली धरते. मी इपॉक्सीवर लावतो, कारण पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते आणि तिच्याखालचा पत्रा उघडा नसावा असं मला वाटतं. इपॉक्सी सुकल्यावर किती वेळात न घासता पुट्टी लावता येते ते डब्यावर दिलेलं असतं. ती वेळ गेली तर १८० नंबरने खरडून घ्या.

हार्डनर, म्हणजे पुट्टी घट्ट करायला तिच्यात मिसळायचं पेरॉक्साइड, वजनाने साधारण २ टक्के. अंदाजाने जास्त पिळला तर पुट्टी हातातच घट्ट होते, आणि जादा पेरॉक्साइड वर चढून रंगावर डाग उमटतात. रंग एकसारखा होईपर्यंत प्लास्टिकच्या किंवा काचेच्या तुकड्यावर दाबून दाबून मिसळा. घोटून फेटलं तर हवा शिरते आणि मग टाचणीएवढी भोकं पडतात. पुठ्ठ्यावर मिसळू नका, तो पुट्टीतली राळ शोषतो. पातळ थर द्या. घासून झाल्यावर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी राहत असेल तर पोचा आधी ठोकून काढायला हवा होता.

१२. जुने पेंटर पुट्टी पाण्याने घासायचे. मग आता कोरडी का?

ते लांबी घासायचे, म्हणजे डब्यातली एकभागी पुट्टी, पातळ थरात लावलेली. हार्डनरवाली पॉलिएस्टर पुट्टी वेगळी. तिने पाणी धरलं की ते वरच्या थरांखाली अडकतं आणि पुढे फुगे येतात. ती कोरडीच घासा. चुकून भिजलीच तर पूर्ण सुकू द्या, घाई करू नका. सरफेसर मात्र पाण्याने घासता येतो, फक्त नंतर नीट वाळवा.

१३. कोणत्या नंबरचा पेपर कधी?

पत्रा आणि पुट्टीचा पहिला आकार ८० ने. पुट्टी पुढे १२० किंवा १८०, शेवटी २४०. जुन्या रंगाची कड उतरती करायला १८० ते ३२०. सरफेसर कोरडा ३२० ते ४००, पाण्याने ६००. मेटॅलिक रंगाखाली ६०० ते ८०० पर्यंत जा, कारण मेटॅलिकमध्ये ओरखडे लगेच दिसतात. ८० वरून थेट ४०० वर उडी मारू नका : खोल ओरखडे आत्ता भरल्यासारखे वाटतात, रंग आकसल्यावर वर येतात.

१४. हाताला सपाट लागतं, पण रंगावर चमक आली की लाटा दिसतात. कुठे चुकतं?

बोटांनी घासलंय. बोटांच्या दाबाने पत्र्यावर चर पडतात. लांब, सपाट ठोकळ्याला पेपर लावून तिरपं, एकमेकांना छेदणाऱ्या दिशांनी घासा. त्याआधी सरफेसरवर काळ्या रंगाची विरळ फवार मारा, त्याला गाइड कोट म्हणतात. घासल्यावर जिथे काळं उरतं तो खोलगट भाग, जिथे पत्रा उघडा पडतो तो उंचवटा. काळं पुसलं जाईपर्यंत घासत बसू नका. खोलगट भाग अजून थर देऊन भरायचा असतो. संध्याकाळी गाडीच्या एका टोकाशी बसून पत्र्यावर तिरपा टॉर्च मारा. दुपारी न दिसलेलं सगळं दिसतं.

१५. जुना रंग सगळा काढावाच लागतो का?

तडकलेला, सुटणारा किंवा अनेक थरांनी जाड झालेला असेल तर काढा. घट्ट असेल तर तोच उत्तम पाया आहे, घासून वर काम करा. आधी न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा मिनिटभर धरा. काहीच झालं नाही तर रंग हार्डनरवाला किंवा कारखान्यातला भाजलेला आहे. विरघळून बोळ्याला लागला किंवा सुरकुतला, तर त्यावर तीव्र थिनरचा रंग मारल्यावरही तेच होणार. मग तो उतरवा.

फार जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं. तसा संशय असेल तर कोरडं घासू नका. पाण्याने घासा, चिखल गोळा करून घ्या, मुलांना लांब ठेवा.

१६. रंग मारताच गोल गोल खड्डे पडले. रंग खराब निघाला का?

बहुतेक वेळा रंगाचा दोष नसतो, खाली सिलिकॉन किंवा तेल असतं. डॅशबोर्ड पॉलिश, टायरची चमक, मेण, कंप्रेसरचं तेल, सगळं आलं. गाडी घासायच्या आधीच साबणाने धुवा आणि ग्रीस रिमूव्हरने पुसा. आधी घासलंत तर पेपर तेच तेल ओरखड्यांत भरतो. पुसताना दोन फडकी घ्या : एकाने ओलं करा, सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपा. एकच फडकं फिरवलं की मळ जागा बदलतो. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट अंश मागे राहतो.

१७. दमट हवेत काम केलं तर खरंच काही होतं का?

होतं. पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होतं त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअस गरम हवा आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. नाहीतर दिसेल न दिसेल असा ओलावा रंगाखाली अडकतो. रात्रभर गारठलेला पत्रा सकाळी हवा तापली तरी थंडच असतो, म्हणून उन्हं वर आल्यावर सुरुवात करा. थेट उन्हातल्या तापलेल्या पत्र्यावरही नको.

१८. बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. त्यालाही हेच?

त्यावर तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी धरते. पोलादी तारेचा ब्रश आणि पोलादावर वापरलेली डिस्क इथे लावू नका, लोखंडाचे कण रुतून नवा क्षय सुरू होतो. नव्या पेपरने घासून त्याच दिवशी इपॉक्सी लावा. पोलादी बोल्ट जिथे बसतो तिथे विशेष बघा : दोन धातू आणि ओल एकत्र आल्या की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं.

१९. घरी टू-के रंग मारायला कोणता मास्क लागतो?

टू-के म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही घातक रसायनं असतात. त्यांनी दमा होऊ शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. वास येईपर्यंत थांबून ते कळत नाही, आणि त्वचेतून, डोळ्यांतूनही ते लागतात. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंग झाकणारा सूट आणि हवा खेचणारी बंदिस्त जागा लागते. घराच्या पार्किंगमध्ये हे नसतं, आणि शेजारीही तीच हवा घेतात. माझा सल्ला : गंज, पुट्टी, घासणं, मास्किंग (न रंगवायचे भाग झाकणं) सगळं घरी करा आणि शेवटचा रंग बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त खोलीत, मारून घ्या. कष्टाचा मोठा वाटा तरीही तुमचाच असतो. धुळीचा मास्क फक्त घासताना उपयोगी, थिनरच्या वाफेला तो अडवत नाही.

२०. पुढच्या काचेच्या रबराखाली गंज आहे. रबर उचलून रंग मारू?

रबरात बसवलेली काच असेल तर काच काढाच. गंज कुठवर गेलाय हे रबर उचलून दिसत नाही. चिकटवलेली काच असेल तर ती काढणं-बसवणं काच बसवणाऱ्यावर सोपवा. ती काच गाडीच्या मजबुतीचा भाग असते आणि चिकटद्रव्याखालचा थर कोणता हवा हे ठरलेलं असतं.

२१. बाहेरचा रंग झाला. आतल्या पोकळ भागांचं काय?

फुगा आतून आला होता हे विसरू नका. सिल, दार, डिकीचं झाकण यांच्या आत लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांसाठीचं गंजरोधक मेण, मारा. हे रंगानंतरच, कारण मेणाचा तुषार रंगायच्या पत्र्यावर बसला तर प्रश्न १६ मधले खड्डे पडतात. वेल्ड केलेल्या सांध्यांच्या मागे दोनदा मारा, तिथला जुना थर जळून गेलेला असतो. मेण तळाशी ओघळून जमतं, म्हणून तासाभराने निचऱ्याच्या प्रत्येक भोकात काडी घालून बघा, आणि ती आरपार गेली की मगच दाराचं पॅनेल बसवा.